एकाच चाकाचा ब्रेक लागून राहतो : कॅलिपर जाम की दोष आणखी कुठे?

पायवाट (धागाकर्ता)
माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक काही आठवड्यांपासून लागून राहतो आहे. मोकळ्या रस्त्यावर फारसा ब्रेक न दाबता गाडी चालवली, तर काही जाणवत नाही. वाहतुकीत वारंवार ब्रेक दाबावा लागला की मात्र गाडी जड वाटू लागते, स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढते, आणि थांबून चाकाजवळ हात नेला तर चांगलीच धग लागते. त्याच वेळी उजव्या चाकाची रिम जेमतेम कोमट असते. डाव्या रिमवर काळी भुकटी जास्त साचते आणि कधीकधी जळका वासही येतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी मात्र अगदी हलकी चालते.

गॅरेजमध्ये दाखवली असता चाक न खोलताच ‘कॅलिपर जाम आहे, पूर्ण बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणारा भागच बदलायचा. निदान बरोबर असेलही, पण चाक खोलल्याशिवाय ते कसे कळले, हे मला समजलेले नाही. दोष कॅलिपरमध्येच आहे याची खात्री कशी करावी, आणि असल्यास तो दुरुस्त होतो की बदलावाच लागतो, हे जाणकारांनी सांगावे. गाडीला पुढे डिस्क ब्रेक आहेत आणि कॅलिपर एका पिस्टनचा, सरकता आहे. जॅक, स्टँड आणि पाने माझ्याकडे आहेत.

चौथा_गिअर
कॅलिपर बदलण्याची घाई करू नका. माझ्या अनुभवात अशा तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ गाईड पिनांमध्ये, म्हणजे कॅलिपर ज्यांवरून सरकतो त्या दांड्यांमध्ये, सापडते. रबरी बूट फाटून पाणी आत जाते, ग्रीस वाळते, पिनेवर गंज चढतो आणि कॅलिपर सरकायचा थांबतो. पिना काढून, साफ करून, योग्य ग्रीस लावून बसवल्या की काम होते.

लोहकर्म
पायवाट, तुमचा प्रश्न रास्त आहे. ‘कॅलिपर जाम’ या दोन शब्दांखाली निदान चार वेगवेगळे दोष मोडतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो, म्हणून आधी रचना सांगतो.

सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. पेडल दाबले की तो आतला पॅड डिस्कवर रेटतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर पिनांवरून आत सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग आत कुठेही नसते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. हे काम सिलिंडरच्या खाचेत बसलेली चौकोनी छेदाची रबरी सील करते. पिस्टन पुढे जाताना ती त्याच्याबरोबर थोडी वाकते आणि दाब उतरताच मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके मागे ओढते. पॅड आणि डिस्क यांच्यातली मोकळीक तेवढ्यावरच अवलंबून असते. ही ओढ अतिशय दुबळी असते, हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

आता ब्रेक कुठे अडकू शकतो? गाईड पिना अडकतात. पॅडचे कान ब्रॅकेटमधल्या खाचेत अडकतात, कारण तिथल्या पत्र्याच्या क्लिपखाली गंज फुगतो आणि खाच अरुंद होते. पिस्टन गंजून सिलिंडरमध्ये अडकतो. किंवा कॅलिपर पूर्ण निर्दोष असूनही त्यातला दाबच उतरत नाही, म्हणजे दोष होज पाइपमध्ये (कॅलिपरला ऑइल पोहोचवणारी लवचीक रबरी नळी) किंवा त्याच्याही मागे मास्टर सिलिंडरपाशी (पेडलचा जोर ऑइलला देणारा भाग) असतो. पहिल्या तीन प्रकारांत घर्षण अडवते, चौथ्यात ब्रेक ऑइलचा दाब अडवतो. घर्षण की दाब, याचा निकाल लागल्याशिवाय कोणताही भाग मागवू नये.

मध्यमगती
निदान होईपर्यंत ही गाडी वापरू नये अशी कळकळीची विनंती आहे. लागून राहिलेल्या ब्रेकची उष्णता पिस्टनमार्फत थेट ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि ओलावलेल्या स्थितीतली मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. आज एका चाकाची वाटणारी तक्रार उतारावर सगळ्या ब्रेकची होऊ शकते.

आणखी एक सांगतो. चाक फार तापले असेल तर त्यावर पाणी ओतू नका, कारण तापलेली डिस्क अचानक थंड झाली तर ती वाकू किंवा तडकू शकते.

तारामंडळ
पायवाट, चाक खोलून दोन्ही पॅड काढून पाहा आणि आतला व बाहेरचा पॅड किती झिजला आहे ते वेगवेगळे सांगा. झीज तिरकी आहे का, म्हणजे पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड झाला आहे का, हेही पाहा. उजव्या चाकाचे पॅडही तुलनेसाठी बघा. झिजलेल्या पॅडवरून पुष्कळ काही वाचता येते.

पायवाट
आपल्या सर्वांच्या सूचनांबद्दल आभार. गाडी उभी करून ठेवली आहे. आज सपाट जागी मागच्या चाकांना अडणी लावून, गाडी स्टँडवर घेऊन पुढची दोन्ही चाके काढली. डाव्या बाजूचे दोन्ही पॅड उजव्यापेक्षा स्पष्टपणे पातळ आहेत. मात्र आतला आणि बाहेरचा पॅड जवळजवळ सारखेच झिजले आहेत आणि झीज तिरकी नाही. डिस्कवर काही ठिकाणी निळसर डाग दिसतात. कॅलिपर हाताने हलवला तर पिनांवरून थोडा सरकतो. चाक आत्ता, थंड असताना, हाताने सहज फिरते.

लोहकर्म
ही माहिती फार मोलाची आहे. चौथा_गिअर यांनी सांगितलेला पिनांचा दोष सर्वांत सामान्य आहे, हे मलाही मान्य आहे. पण पिना अडकल्या की दोन पॅडांची झीज सहसा सारखी राहत नाही. कॅलिपर जिथे अडकला असेल त्यानुसार एक पॅड डिस्कवर घासत राहतो आणि दुसरा जवळजवळ कोरा राहतो. एकच पिन अडकली तर झीज तिरकी होते. तुमच्याकडे दोन्ही पॅड सारखे झिजले आहेत, म्हणजे कॅलिपर व्यवस्थित सरकतो आहे आणि डिस्क दोन्ही बाजूंनी सारखी आवळली जात आहे. अशा वेळी एक तर पिस्टन परत येत नाही, किंवा त्याच्यामागचा दाब उतरत नाही.

तुमच्या पहिल्या प्रतिसादातली एक नोंद मला इथे निर्णायक वाटते. गाडी रात्रभर उभी राहिली की ब्रेक आपोआप सुटतो. गंजाने धरलेल्या पिस्टनला रात्र काय आणि दिवस काय, तो असा स्वतःहून सुटत नाही. अडवलेला दाब मात्र बारीक वाटेने हळूहळू झिरपून उतरू शकतो.

पुढची कसोटी अशी घ्या. गाडी स्टँडवर ठेवून, कॅलिपर आणि पॅड जागेवर बसवून आणि डिस्क चाकाच्या दोन नटांनी आवळून, मदतनिसाला पेडल अनेकदा जोराने दाबून सोडायला सांगा. डिस्क हाताने फिरेनाशी झाली की कॅलिपरच्या निपलवर (ऑइल आणि हवा बाहेर काढण्याचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडा आणि निपल थोडी सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून डिस्क त्या क्षणी मोकळी झाली, तर दाब अडकला होता आणि कॅलिपर निर्दोष आहे. निपल उघडूनही डिस्क घट्टच राहिली, तर दोष कॅलिपरमध्ये आहे.

डिस्क मोकळी झाल्यास निपल पुन्हा आवळून, पेडल दाबून ब्रेक पुन्हा अडकवा. या वेळी निपलला हात न लावता धातूची नळी होज पाइपला जिथे जोडलेली असते तो सांधा सैल करा. त्याने डिस्क सुटली तर दोष मागे मास्टर सिलिंडरकडे आहे. सांधा सैल करूनही डिस्क अडकलेलीच राहिली तर मधला होज पाइप बंद झाला आहे, हे निर्विवाद सिद्ध होते. सांध्याला त्यासाठीचा फ्लेअर नट पानाच वापरा, साध्या पान्याने नटाचे कोपरे जातात. डोळ्यांवर चष्मा हवाच आणि ऑइल रंगावर सांडू देऊ नका.

चौथा_गिअर
तर्क पटण्यासारखा आहे, तरी एक शंका मांडतो. होज पाइप आतून बंद झाला असेल तर ऑइल कॅलिपरकडे जाईलच कसे? मग ब्रेक लागायलाच नको. शिवाय रबर बाहेरून फुगलेले किंवा चिरलेले नसेल, तर मी तरी होज पाइपवर संशय घेणार नाही. पिस्टनवर बारीक गंजाचे खड्डे असतील आणि तापल्यावर तो अडकत असेल, ही शक्यता मला अधिक वाटते.

सांधेजोड
चौथा_गिअर, आपल्या शंकेचे उत्तर लोहकर्म यांनी सांगितलेल्या सीलच्या दुबळ्या ओढीत आहे. पाय पेडल दाबतो तेव्हा ऑइलमागे प्रचंड जोर असतो, त्यामुळे अरुंद झालेल्या वाटेतूनही ते पुढे रेटले जाते. परत येताना त्याला मागे ढकलायला फक्त त्या चौकोनी सीलचा ताण असतो आणि तेवढ्याने ते अरुंद वाट ओलांडू शकत नाही. प्रत्येक वेळी पेडल दाबले की थोडे ऑइल आत जाते आणि परत कमी येते, म्हणूनच वाहतुकीत ब्रेक क्रमाक्रमाने घट्ट होत जातो. पायवाट यांनी नेमके हेच वर्णन केले आहे.

बाहेरून पाहून होज पाइपची परीक्षा होत नाही. कधी आतला थर सुटून त्याची पापडी वाटेत आडवी येते. याहून अधिक वेळा मी पाहिलेला दोष म्हणजे होज पाइपच्या मध्यावर त्याला धरून ठेवणारी जी पत्र्याची पट्टी असते, तिच्या आत गंज चढतो. लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते. पट्टी बाहेर पसरू शकत नसल्याने गंजाचा तो थर आतल्या रबराला चहूबाजूंनी आवळतो. पाइप दोन्हीकडे अगदी नवा दिसतो आणि त्या बोटभर जागेत आतला मार्ग सुईच्या छिद्राएवढा उरतो. पायवाट, तुमच्या पाइपला अशी पट्टी असेल तर तिच्या कडेला गंजाची भुकटी किंवा फुगवटा दिसतो का ते पाहा.

दोष मास्टर सिलिंडरमध्ये असता तर तो एकाच चाकापुरता राहिला नसता. बऱ्याच गाड्यांत पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच मार्गावर असते. म्हणून गाडी चालवून थांबल्यावर तिरकस समोरचे चाकही तापते का, हे पाहिले पाहिजे.

दूरदिवा
मूळ विषयाला धरूनच विचारते. माझ्या गाडीच्या मागच्या डिस्कला हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये आहे आणि गाडी बराच काळ उभी राहिल्यानंतर हँडब्रेक सोडूनही चाक घासत राहते. तिथेही हीच कसोटी लागू पडते का?

लोहकर्म
दूरदिवा, तिथे एक शक्यता वाढते. आधी कॅलिपरवरचा हँडब्रेकचा लीव्हर पाहा. हँडब्रेक सोडल्यावर तो त्याच्या थांब्यापर्यंत पूर्ण मागे यायला हवा. येत नसेल तर केबल लीव्हरपासून सुटी करा. केबल सुटताच लीव्हर मागे आला तर केबल गंजली आहे, तरीही आला नाही तर लीव्हरचा दांडा कॅलिपरमध्ये धरला आहे.

अशा कॅलिपरचा पिस्टन नवे पॅड बसवताना सी क्लॅम्पने सरळ दाबू नका. तो आतल्या स्क्रूवर असतो आणि त्यासाठीच्या अवजाराने फिरवत आत न्यावा लागतो. बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पण काही गाड्यांत उलट, म्हणून दिशा पुस्तिकेतून पाहून घ्यावी. हँडब्रेक विजेच्या मोटरवर चालणारा असेल तर गाडी आधी दुरुस्तीच्या स्थितीत नेल्याशिवाय पिस्टनला हात लावूच नये, नाहीतर मोटरची यंत्रणा तुटते.

वंगण
पिनांचा विषय निघाला आहे तर ग्रीसबद्दल आग्रहाने लिहितो, कारण इथे चुकीच्या ग्रीसने चांगला भाग बिघडतो. गाईड पिनांना सिलिकोन ग्रीस किंवा ब्रेकसाठीच बनवलेले कृत्रिम ग्रीसच लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस, इंजिन ऑइल किंवा गंज सोडवणारा स्प्रे यांतल्या खनिज तेलाने ब्रेकमधले रबर फुगते. अनेक कॅलिपरांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असते. ते फुगले की पिन भोकात घट्ट बसते आणि साफसफाईनंतर थोड्याच काळात तक्रार परत येते. दोन पिनांची अदलाबदलही करू नये, बुश असलेल्या पिनेची जागा ठरलेली असते.

ग्रीस थोडेच लावा. भोकात ठासून भरले तर पिन आत ढकलताना हवेला वाट मिळत नाही आणि पिन परत बाहेर येते. आणि पॅडच्या घर्षणाच्या बाजूला किंवा डिस्कवर ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये.

तारामंडळ
कसोटीत पिस्टनच दोषी ठरला, तर त्याच्या दुरुस्तीविषयीही इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

पिस्टन बाहेर काढायला गाडीचाच दाब वापरावा. होज पाइप जोडलेला असतानाच पॅड काढून, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून पेडल हळूहळू दाबले की बराच धरलेला पिस्टनही बाहेर सरकतो. कॉम्प्रेसरच्या हवेने काढताना तो गोळीसारखा सुटू शकतो आणि मध्ये आलेली बोटे चिरडतात. कॅलिपर सुटा करताना तो होज पाइपला लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला टांगा.

या रचनेत सील सिलिंडरच्या खाचेत स्थिर असते आणि पिस्टन तिच्यातून सरकतो. म्हणून खरा महत्त्वाचा पृष्ठभाग पिस्टनचा आहे. त्यावरचा मुलामा उडून खड्डे पडले असतील तर पिस्टन बदलावा, घासून गुळगुळीत करण्याच्या फंदात पडू नये. सीलच्या खाचेतला गंज मात्र नेटाने काढायला हवा, कारण खाचेच्या तळाशी गंज साचला की तो सीलला आतून उचलतो आणि नवी सीलही पिस्टनला आवळून धरते. ही खाच लाकडी काडीने किंवा मऊ पितळी ब्रशने साफ करावी, टोकदार लोखंडाने ओरखडे पडतात. नवी सील आणि पिस्टन स्वच्छ ब्रेक ऑइलने ओले करून पिस्टन हाताच्या दाबानेच सरळ आत गेला पाहिजे. तिरका झाला तर बाहेर काढून पुन्हा बसवावा. सिलिंडरच खोल गंजला असेल तर कॅलिपर बदलणे हाच उपाय आहे.

पायवाट
लोहकर्म यांनी सांगितलेली कसोटी आज क्रमाने घेतली. पेडल अनेकदा दाबल्यावर डाव्या बाजूची डिस्क हाताने हलेना. निपल सैल करताच नळीतून गढूळ, चहाच्या रंगाचे ऑइल जोराने आले आणि डिस्क तत्क्षणी मोकळी झाली. निपल आवळून ब्रेक पुन्हा अडकवला आणि होज पाइपचा वरचा सांधा सैल केला. तिथून ऑइलचे थोडे थेंब आले, पण डिस्क तशीच घट्ट राहिली. मागच्या उजव्या चाकात काही दोष आढळला नाही.

सांधेजोड यांनी वर्णन केलेली पट्टी माझ्या पाइपवर आहे. तिच्या खालच्या कडेतून तांबूस पापुद्रे बाहेर आलेले आहेत आणि त्या जागी पट्टीला फुगवटा आहे. पाइप काढून त्यात तोंडाने फुंकून पाहिले तर हवा अजिबात पलीकडे जात नाही. कॅलिपर बदलला असता तरी हाच पाइप राहिला असता आणि नव्या कॅलिपरचा ब्रेकही असाच लागून राहिला असता.

आता प्रश्न असा की होज पाइप फक्त डावा बदलावा की दोन्ही? आणि पॅडचे काय?

चौथा_गिअर
माझ्या शंकेचे निरसन झाले. पट्टीखालचा गंज इतका नेमका आवळतो हे मला माहीत नव्हते. माझ्या मते डावा पाइप बदलणे पुरेसे आहे, उजव्यात दोष दिसत नसताना तो का काढावा?

सांधेजोड
इथे माझे मत वेगळे आहे. उजवा पाइप त्याच वयाचा आहे, त्यानेही तितकेच पाणी आणि चिखल झेलला आहे आणि त्यालाही तशीच पट्टी आहे. हवा काढण्याचे काम करायचेच आहे, तर दोन्ही पाइप एकत्र बदलावेत.

लोहकर्म
मी सांधेजोड यांच्याशी सहमत आहे. पॅड तर एका ॲक्सलवरचे चारही बदलायचे, अन्यथा दोन बाजूंची पकड असमान राहते. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजा. किमान जाडी बहुधा डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. निळे डाग अति तापल्याची खूण आहेत. जाडी मर्यादेखाली असेल किंवा ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरत असेल, तर दोन्ही डिस्क बदला. डाव्या चाकाच्या बेअरिंगनेही ही उष्णता सोसली आहे, म्हणून चाक फिरवून घरघर येते का ते ऐका. पिस्टनचा रबरी बूट करपून कडक झाला असेल तर तारामंडळ यांनी लिहिल्याप्रमाणे सील आणि बूट दोन्ही नवे घाला.

होज पाइप बँजो बोल्टने (ज्याच्या आतून ऑइल जाते असा पोकळ बोल्ट) जोडलेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवेच वापरा. पाइप बसवताना त्याला पीळ पडू देऊ नका, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तो टायरला किंवा स्प्रिंगला घासत नाही याची खात्री करा. सर्व बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळा. चहाच्या रंगाचे ऑइल जुने झाले आहे, तेव्हा केवळ हवा न काढता चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत सगळे बदला. टाकीतली पातळी मध्येच खाली जाऊ देऊ नका, नाहीतर वरून पुन्हा हवा शिरेल. गाडी जमिनीवर घेतल्यावर पेडल टणक होईपर्यंत दाबा आणि मगच इंजिन सुरू करा.

पायवाट
दोन्ही होज पाइप, चारही पॅड आणि ब्रेक ऑइल बदलले. पिस्टनचा बूट मऊ आणि अखंड होता, पिस्टन सी क्लॅम्पने सहज मागे गेला, म्हणून कॅलिपर उघडला नाही. पिना साफ करून सिलिकोन ग्रीस लावले. डिस्कची जाडी मर्यादेच्या वर आहे आणि पेडलला थरथर नाही. उजवा पाइप उत्सुकतेपोटी पट्टीजवळ कापून पाहिला. त्यातही पट्टीखालचे रबर एका बाजूने आत दाबले गेले होते, मार्ग अजून बंद व्हायचा होता.

पेडल दाबून ब्रेक अडकवायचा प्रयत्न पुन्हा केला. सोडताच डिस्क दर वेळी मोकळी फिरते.

मध्यमगती
उत्तम झाले. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत मध्यम वेगावरून हलके ब्रेक दाबत जा आणि दोन ब्रेकांच्या मध्ये ते थंड होऊ द्या. वाहतुकीतून एक फेरी झाली की दोन्ही चाकांच्या डिस्कचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून इथे कळवा.

पायवाट
वाहतुकीच्या वेळीच गाडी बाहेर काढली होती. परत आल्यावर लगेच मोजले, डाव्या आणि उजव्या डिस्कच्या तापमानात लक्षात घेण्याजोगा फरक नाही आणि स्टिअरिंगची ओढही गेली आहे.